खाणीचा गाळ-तलाव आणि बाया मारेची दुर्घटना
खनिज दळून धातू काढल्यावर उरणारा पातळ गाळ बांध घातलेल्या तलावात साठवला जातो. डोंगरउताराचे पाणी चरांवाटे बाहेरच वळवणे आणि अतिवृष्टीचे पाणी मावेल एवढी जागा रिकामी राखणे, ही त्याची पथ्ये. रोमानियातील बाया मारे येथे जुन्या गाळातून सायनाइडच्या साहाय्याने सोने काढले जाई. पाणी आतल्या आत फिरेल, थेंबही बाहेर जाणार नाही, असे कागदोपत्री ठरले होते. जादा पाण्याला सुरक्षित वाट मात्र ठेवलीच नव्हती. ३० जानेवारी २००० रोजी पावसाला वितळत्या बर्फाची जोड मिळाली आणि बांधाला सुमारे २५ मीटरचे खिंडार पडले. सुमारे एक लाख घनमीटर विषारी पाणी सोमेश व तिसा नद्यांतून डॅन्यूबला मिळाले. हंगेरीत हजारावर टन मासे मेले.