कळलावीचा कंद

माझी आजी दौंड तालुक्यात, भीमेकाठच्या गावात सुईणपण करायची. श्रावणात बांधावरच्या काट्याकुट्यांतून कळलावीचा वेल वर यायचा आणि लाल-पिवळी फुलं जाळासारखी दिसायची. तिचा नांगराच्या आकाराचा कंद आजी उकरून, वाळवून ठेवी. बाई अडली की कंद उगाळून तळपायाला लेप लावायचा. मूल बाहेर आलं की लगेच पुसायचा. कळा लावते म्हणून कळलावी.

पुढे मी घोडनदीला मेडिकल टाकलं. (शिरूर हे गावाचं नाव फक्त एसटीच्या पाटीवर.) गाऊटचं गिऱ्हाईक आलं की कोल्चिसिनची इवलीशी गोळी द्यायचो. तेच द्रव्य आजीच्या कंदातही असतं, हे बऱ्याच वर्षांनी वाचलं. फ्रान्समध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू यांनी १८२० मध्ये ते वेगळ्या वनस्पतीतून काढलं होतं.

आता ही गोळी हृदयापर्यंत पोचली आहे. झटक्यानंतर हृदयात सूज येते. हृदयाला जाणाऱ्या बऱ्याच नसा, म्हणजे मज्जातंतू, मानेच्या बुडाशी एका गाठीतून निघतात. झटका येऊन गेलेल्यांच्या त्या गाठीतल्या पेशीही फुगलेल्या सापडल्या. ठोके बिघडतात ते या नसांमुळेही. मग या गोळीने सूज उतरवून बघू, असा विचार. कॅनडातल्या डॉक्टरांनी ४,७४५ रुग्णांवर चाचणी केली. २०१९ चा निकाल असा, की पुन्हा झटका, पक्षाघात वगैरे संकटं औषध नसलेल्या गोळीवर शंभरात ७.१ जणांवर आली, कोल्चिसिनवर ५.५ जणांवर. २०२४ मध्ये ७,०६२ जणांच्या चाचणीत मात्र या संकटांत फरक दिसला नाही. आणि दोन्हीकडे मुख्यतः मोजले ते झटके, पक्षाघात, मृत्यू, नसा नव्हेत.

मला हा दुसरा निकाल जास्त आवडतो. आजीच्या लेपाने सुटलेल्या बायकांच्या गोष्टी गावभर होत्या. न सुटलेल्या कुणी मोजल्या? आमच्या शिरूर तालुक्यात मोजायची सवय लावली ती वढू बुद्रुकच्या दवाखान्याने. संभाजी महाराजांच्या समाधीच्या या गावी पुण्याच्या केईएमच्या डॉ. बानू कोयाजींनी १९७० च्या दशकात काम उभं केलं. २००२ पासून तिथे २२ गावांतले जन्म-मृत्यू घरोघर जाऊन नोंदले जातात. देशी रोटाव्हायरस लशीच्या चाचणीत दिल्ली आणि वेल्लोरच्या जोडीला वढूचीही बाळं होती, तिन्हीकडची मिळून ६,७९९.

बांधावर कळलावी दिसली तर फूल बघा. कंद उकरू नका, पोटात गेला तर जीव जातो.