बंड्या कोणाच्या?

साल १९२१, महिना मार्गशीर्ष. अकोल्याच्या स्टेशनाबाहेर तुम्ही घोंगडी लपेटून उभे आहात. खामगावात मुक्काम असलेल्या एका नाटक कंपनीचा मॅनेजर पहाटेच्या गाडीनं उतरणार आहे. मंडप आणि गॅसबत्त्यांचा तुमचा धंदा. पलीकडे दुसरा ठेकेदार उभा आहे, आणि त्याचा कोट तुमच्याहून चांगला आहे.

कंपन्या वऱ्हाडात येतात त्या कापसाच्या हंगामात. शेतकऱ्याच्या कनवटीला तेव्हाच पैसा असतो आणि अडत्याकडे त्याहून जास्त. रसिकही आहेत: अमरावतीला दादासाहेब खापर्डे आहेत, आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, वामनराव जोशी हे नाटककार तर याच मातीतले.

मॅनेजर पुण्याकडचा आहे. उतरल्या उतरल्या तो गायक-नट केशवराव भोसल्यांचा विषय काढतो. जुलैत मुंबईला ते आणि बालगंधर्व एकाच ‘मानापमाना’त उभे राहिले आणि ऑक्टोबरात केशवराव गेले. घटकाभर कुणीच दराचं बोलत नाही.

मग कोटवाला बत्तीमागे आठ आणे कमी सांगतो. मॅनेजर तुमच्याकडे बघतो.

“दर तोच राहील, सायेब,” तुम्ही म्हणता. “पण सामान कशानं नेता?”

मॅनेजर गप्प होतो. पडदे, विंगा, पोशाखाच्या पेट्या, ऑर्गन, पाऊणशे माणसांची भांडीकुंडी, हे सगळं स्टेशनावरून मंडपापर्यंत न्यायचं तर बैलबंड्या हव्यात. पण ज्या कापसामुळे प्रेक्षक मिळतो, त्याच कापसानं जिल्ह्यातली बंडीन्‌बंडी अडवून ठेवलेली असते. बाजारात रात्रभर रांगा, बैल तिथंच जुंपलेले. परगावच्या मॅनेजरला हे तिसऱ्या दिवशी कळतं, आणि तोवर पहिल्या प्रयोगाची हँडबिलं वाटून झालेली असतात.

तुम्ही आधीच एका अडत्याशी बोलून ठेवलंय. त्याच्याकडे माल रिकामा करून गावाकडे परतणाऱ्या बंड्या वाटेत स्टेशनावरून जातील. त्यांना रिकामं जाण्यापेक्षा भाडं बरं. तुमच्याकडचा खरा माल हा आहे, बत्त्या नंतरच्या.

मॅनेजर तरीही लगेच हो म्हणत नाही. खिशातून तो पोस्टकार्ड काढतो. खामगावच्या मंडपवाल्यानं त्यावर तुमचं नाव लिहून दिलंय, कारण गेल्या साली ऐन तिसऱ्या अंकात बत्तीची जाळी फुटली तेव्हा तुमचा पोऱ्या विंगेत दुसरी बत्ती पेटवून तयार होता. दौऱ्यावरची कामं अशी मागच्या मुक्कामावरून पुढच्या मुक्कामावर येतात. शंभर वर्षांनी नवी मुंबईच्या मैदानात परदेशी बँड ट्रकांचे ताफे घेऊन उतरतील, आणि तेव्हाही मागं कुणाकडे काम केलंत हे विचारलं जाईलच.

आता विचारायची पाळी तुमची. कंपनीच्या नावावर भरवसा ठेवून चालत नाही: बालगंधर्वांच्या गंधर्व मंडळीचं नाव केवढं, पण ‘द्रौपदी’ नाटकाच्या थाटामाटानंतर तिच्या कर्जाची चर्चा वऱ्हाडापर्यंत पोचली आहे. नाव मोठं म्हणून उधारी द्यायची, ही ठेकेदारांची जुनी खोड, आणि माझ्या मते त्यात पैशापेक्षा कंपनीबरोबर मिरवायची हौसच जास्त असते. तुम्ही विसार मागता, आणि उरलेल्या पैशांसाठी रोज रात्री तिकिटाची पेटी मोजताना तुमचा माणूस शेजारी बसेल अशी अट घालता. मॅनेजरच्या कपाळावर आठी चढते, पण तो नोटा मोजतो. कोटवाला केव्हाच निघून गेलाय.

“अमरावतीचंही तुम्हीच बघा,” मॅनेजर म्हणतो. “बडनेऱ्याला गाडी बदलायचा ताप आहे.”

“बदलता काहून? बडनेऱ्यालेच उतरवा. सहा मैल त हाये, बंड्यानं नेतो.”

“आणि यवतमाळ?”

यवतमाळची गाडी मुर्तिजापुरातून सुटते, अरुंद रुळांवरून. मोठ्या डब्यातला एकेक पडदा, एकेक पेटी हमालांकरवी छोट्या डब्यात चढवायची, आणि ऑर्गन तर जीव मुठीत धरून. तुम्ही विसार कनवटीला खोचता.

“थे या दरात नाही जमत, सायेब. हमाली येगळी लागीन. अना मालबाबूले चार पास.”

“दोन,” मॅनेजर म्हणतो.