जुन्या फाइलमधले मराठी अगम्य का दिसते?

मंडळाची जुनी स्मरणिका नव्या संगणकावर उघडली आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे व चिन्हांचा गोंधळ दिसला, असे अनेकदा घडते. फाइल बहुधा खराब झालेली नसते. तिचा जुना फॉन्ट त्या संगणकात नसतो.

कारण काय?
संगणक अक्षर नव्हे, आकडा साठवतो. एका बाइटमध्ये २५६ आकडेच मावतात. देवनागरीत जोडाक्षरे अनेक. निर्णयसागरसारख्या छापखान्यांत त्यासाठी शेकडो खिळे लागत. म्हणून कृतीदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरे व चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले गेले. कृतीदेवमध्ये ‘काम’ लिहिले, तर फाइलमध्ये डी-के-ई ही इंग्रजी अक्षरे साठतात. दुसऱ्या फॉन्टची मांडणी वेगळी असते.

युनिकोडने काय बदलले?
१९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र विभाग ठेवला. ‘क’चा आकडा सर्वत्र एकच, जोडाक्षर जुळवण्याचे काम फॉन्टचे. मात्र छपाईसाठी वापरले जाणारे पेजमेकर युनिकोड जाणत नव्हते. त्यामुळे गिरगाव, दादर, लालबागच्या छपाईतही जुने फॉन्ट दीर्घकाळ टिकले.

नुकसान कोणते?
जुना फॉन्ट टाकला की मजकूर वाचता येतो, पण शोधता येत नाही. गिरणगावातल्या स्मरणिकेत आजोबांचे नाव असले, तरी शोधपेटीत ते मराठीत टाकून सापडणार नाही. पीडीएफ केल्यानेही हा प्रश्न सुटत नाही: पान नीट दिसते, पण मजकूर कॉपी करताच पुन्हा गोंधळ.

काय करावे?
• मूळ फाइल जपून ठेवा.
• फॉन्टचे नेमके नाव टिपा आणि त्याच फॉन्टसाठीचे परिवर्तक वापरा.
• छापील प्रत शेजारी ठेवून तपासा. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि ‘दऱ्या’मधला ‘ऱ्य’ इथे चुका जास्त होतात. कृतीदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी साठते, युनिकोडमध्ये नंतर.
• ‘ॲ’कडे लक्ष द्या. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहिले जाई. दोन्ही सारखे दिसतात, पण आकडे वेगळे असल्याने शोधात एक निसटू शकते.

सर्वांत आधी माणसांची आणि गावांची नावे तपासा. तिथली चूक सहज लक्षात येत नाही आणि पुढे तीच खरी मानली जाते.