जास्तीचा पेपर मागणारी पोरं

विद्यापीठावर मोर्चा निघाला की मागण्या काय असणार, हे आम्हा कॉलेजातल्या मास्तरांना तोंडपाठ असायचं. परीक्षा पुढे ढकला, ग्रेसचे मार्क द्या, राहिलेला पोर्शन वगळा. साताऱ्यात अर्थशास्त्र शिकवताना आणि मधे काही वर्षं अभ्यास मंडळावर असताना ‘आम्हाला अजून एक विषय शिकवा’ असा अर्ज घेऊन आलेला एकही विद्यार्थी मला भेटला नाही. म्हणून मुलीकडे सिडनीला राहायला आल्यावर इथल्या विद्यापीठाची १९७३ सालची हकिगत हाती लागली, ती मी चवीने वाचली.

हे विद्यापीठ १८५० चं, आपल्या मुंबई विद्यापीठाहून सात वर्षांनी वडील. मधला चौक पिवळसर दगडाचा, वर घड्याळाचा मनोरा. चौकाच्या कोपऱ्यात जॅकरांडाचं झाड. ते फुलेपर्यंत ज्याने अभ्यासाला हात घातला नाही तो नापास, अशी पोरांची समजूत. जुनं झाड २०१६ साली उन्मळून पडलं, त्याच्याच कलमाचं दुसरं लावलंय. समजूत मात्र तशीच आहे.

साठच्या दशकाच्या अखेरीस इथल्या अर्थशास्त्र विभागात वॉरन होगन आणि कॉलिन सिमकिन हे दोन प्राध्यापक आले. विषय शास्त्रशुद्ध करायचा, गणित वाढवायचं, बाजाराच्या समतोलाचा सिद्धान्त पक्का करायचा, असा त्यांचा बेत. त्यात वाईट काही नव्हतं, मीही आयुष्यभर तेच शिकवलं. पण समोर बसलेली पोरं कोण होती ते पाहा. विसाव्या वर्षी सक्तीची लष्करभरती, तीही लॉटरीने. पिंपात जन्मतारखांच्या गोट्या घालून सोडत काढायचे, आपल्या तारखेची गोटी निघाली की व्हिएतनामला जायची पाळी येऊ शकायची. त्या पोरांना फळ्यावरच्या आलेखात युद्ध दिसेना, खाणी विकत घेणाऱ्या परदेशी कंपन्या दिसेनात, कामगार संघटनाही दिसेनात. टेड व्हीलराइट आणि तरुण फ्रँक स्टिलवेल असे काही शिक्षक हे सगळं बोलायचे. पोरांचं म्हणणं सरळ होतं : यांना स्वतंत्र अभ्यासक्रम शिकवू द्या, त्याला ‘पोलिटिकल इकॉनॉमी’ म्हणा, आणि ज्याला जो हवा तो त्याला घेऊ द्या.

अर्ज झाले, सभा झाल्या, जुलै १९७३ मध्ये तास बंद ठेवून दिवसभर निषेध झाला. कुलगुरू ब्रूस विल्यम्स स्वतःच अर्थशास्त्रज्ञ, त्यामुळे पोरांना विषय कळत नाही असं त्यांना वाटणं साहजिक होतं. मग चौकशी समिती. समिती म्हणजे काय ते मी जवळून पाहिलंय, चहा-बिस्किटं आणि ‘पुढील बैठकीत विचार व्हावा’. तरीही १९७५ साली पहिल्या वर्षाचा कोर्स सुरू झाला.

त्याच सुमारास तिथल्या तत्त्वज्ञान विभागात जे घडलं ते मला याहून नवलाचं वाटतं. जीन कर्थॉइस आणि लिझ जॅका या दोघींनी स्त्रीवादी विचारावर एक कोर्स आखला. विभागाने मतदान करून तो पसंत केला, वरच्या प्राध्यापक मंडळाने दोघींना शिकवायला मनाई केली. विद्यार्थी आणि शिक्षक संपावर गेले, हिरवळीवर तंबू पडले. एवढ्याने विद्यापीठ हललं असतं की नाही, शंकाच आहे. पण जॅक मंडे यांच्या बांधकाम मजूर संघटनेने जाहीर केलं की हा कोर्स होत नाही तोवर विद्यापीठाच्या बांधकामांवर आमचा माणूस हात लावणार नाही. जुन्या वस्त्या आणि झाडी वाचवण्यासाठी याच लोकांनी शहरातली कामं अडवून धरली होती. काँक्रीट ओतणाऱ्या गड्यांनी तत्त्वज्ञानाच्या पेपरसाठी फावडं खाली ठेवायचं! शेवटी तडजोड झाली आणि कोर्स झाला. विभागाची मात्र पुढच्याच वर्षी दोन शकलं झाली.

मी हे वाचताना सारखा आपल्याकडचा हिशेब मांडत होतो. १९७२ च्या दुष्काळात मी बी.ए.ला होतो. माण-खटावात बायामाणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, पोरं सुकडीवर जगत होती. माझ्या वर्गातल्या म्हसवडकडच्या एका मुलाची आई अशाच कामावर होती. तो सुट्टीहून आला की त्याच्या ट्रंकेत पिठाची पिशवी नसायची, आणि आम्ही दोघं शेजारी बसून संत्री आणि सफरचंदांचे समवृत्ती वक्र काढायचो. दुष्काळावर एक पेपर ठेवा, असं सरांना म्हणावं हे आमच्या डोक्यातही आलं नाही. आणि गंमत अशी, की न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्यात डेक्कन कॉलेजात व्याख्यान देऊन बजावलं होतं : विलायती अर्थशास्त्राचे सिद्धान्त जसेच्या तसे हिंदुस्थानला लागू होत नाहीत. पुढे १९३० साली पुण्यात गोखल्यांच्या नावाने संस्था निघाली, तिच्या नावातच राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र जोडीने बसले. सिडनीची पोरं ज्यासाठी भांडली ते आपल्या दारात होतं, पण आमच्या पेपरात त्याला जागा नव्हती.

सिडनीत १९७५ ला प्रकरण मिटलं असं नाही. दर काही वर्षांनी हा कोर्स मोडीत काढायचा किंवा दुसऱ्यात विरघळवायचा घाट घातला जाई, आणि पोरांची नवी तुकडी उभी राही. १९८३ मध्ये काही जण थेट घड्याळाच्या मनोऱ्यावर चढून बसले. त्यांतला अँथनी अल्बानीज नावाचा पोरगा २०२२ मध्ये देशाचा पंतप्रधान झाला. स्वतंत्र विभाग व्हायला २००८ साल उजाडलं.

टेड व्हीलराइट तोवर हयात नव्हते, आदल्याच वर्षी गेले. इतकी वर्षं शिकवूनही विद्यापीठाने त्यांना पूर्ण प्राध्यापकपद दिलं नव्हतं, सहयोगी म्हणूनच ते निवृत्त झाले. त्याच विद्यापीठात आता त्यांच्या नावाने स्मृतिव्याख्यान होतं.