जळू-पालन

औषधोपचार, प्रयोगशाळेतील अभ्यास किंवा विक्री यांसाठी रक्तशोषक जळवा बंदिस्त जागेत जिवंत व निरोगी ठेवण्याची पद्धत. यूरोपात हिरुडो मेडिसिनॅलिस व हिरुडो व्हर्बाना या जाती पाळतात. पहिल्या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक जळवा प्रत्यक्षात दुसऱ्या जातीच्या असतात, हे २००७ मध्ये जनुकीय तपासणीतून उघड झाले. भारतात म्हशी डुंबतात त्या तळ्याडबक्यांतील हिरुडिनेरिया प्रजातीच्या मोठ्या जळवा वापरात आहेत.

पाळलेली जळू भुकेने क्वचितच मरते. ती मरते पाण्याने. एकदा पोटभर रक्त प्याली की ती सहा महिने, कधी वर्षभरही अन्नावाचून राहते. स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट रक्त ती एका बैठकीत पिते, त्यातले जास्तीचे पाणी व क्षार पहिल्या काही दिवसांत बाहेर टाकते आणि उरलेले घट्ट रक्त महिनोन्‌महिने पचवते. म्हणून रक्त पाजल्यानंतरच्या दिवसांत भांड्यातले पाणी सर्वाधिक बिघडते. हौसेने वरचेवर पाजणाऱ्याच्या जळवा जगत नाहीत, त्याचे कारण हेच.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन आणि तांब्याचा अंश जळूला घातक असतो. तांब्याची घागर माणसाला कितीही पथ्याची असली तरी जळवांसाठी काच किंवा मातीच बरी. विहिरीचे, तळ्याचे किंवा क्लोरीन काढून टाकलेले पाणी वापरतात. जुन्या व नव्या पाण्याच्या तापमानात फार फरक नसावा. भांडे साबणाने धूत नाहीत. जळू दर काही दिवसांनी अंगावरची पातळ कात टाकते. ती काढायला घासण्यासाठी तळाशी खडे किंवा शेवाळ हवे. नाहीतर ती अंगाला गुंडाळून राहते किंवा पाण्यात कुजते. भांड्याच्या तोंडाला विरळ कापड घट्ट बांधावे लागते, कारण जळू अगदी बारीक फटीतूनही निसटते. यूरोपीय जाती थंडाव्यात सुस्त राहून जास्त टिकतात. भारतीय जळवांना शीतकपाट मानवत नाही, त्यांना सावलीतली जागा पुरते. अंगावर मण्यांसारख्या गाठी दिसणे, स्पर्शाला प्रतिसाद न देणे, तोंडातून रक्त येणे ही आजाराची चिन्हे होत. अशी जळू ताबडतोब वेगळी करतात.

या विषयावरील सुश्रुतसंहितेतील सूचना (सूत्रस्थान, अध्याय १३) आजही वाचण्याजोग्या आहेत. तेथे बारा प्रकार सांगितले असून सहा सविष व सहा निर्विष मानले आहेत. निर्विष जळवांच्या प्रदेशांत सह्याद्रीचाही उल्लेख आहे. ओल्या चामड्याने जळवा पकडाव्यात, नव्या मोठ्या घड्यात तळ्याचे पाणी व चिखल घालून ठेवाव्यात, दर तिसऱ्या दिवशी पाणी व खाद्य आणि दर सातव्या दिवशी घडा बदलावा, असे त्यात म्हटले आहे. खाद्य म्हणून शेवाळ, वाळवलेले मांस व पाणकंदांचे चूर्ण सुचवले आहे. रक्तशोषक जळू हे खात नाही, आणि मांस तर पाणी नासवणारच; पण पाणी व घडा बदलण्याचा नियम मात्र अचूक आहे.

प्रजननासाठी पाण्याशेजारी ओलसर मातीचा काठ लागतो. जळू उभयलिंगी असून पाण्याबाहेर येऊन स्पंजासारखे कोश घालते; त्यांतून काही आठवड्यांनी पिल्ले निघतात. त्यांना कोमट रक्त पातळ पडद्यातून पाजतात. रक्तातील मीठ व आर्जिनीन हे अमिनो अम्ल जळूला पिण्यास प्रवृत्त करतात, असे प्रयोगांत दिसले आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये बॉर्दोच्या परिसरात जळवांना रक्त पाजण्यासाठी म्हातारे घोडे दलदलीत हाकलत. तेव्हाच्या बेसुमार मागणीने यूरोपातील रानटी जळवा विरळ झाल्या. आज त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. बॉर्दोजवळच्याच रिकारिम्पेक्स या संस्थेच्या जळवांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. तुटून पुन्हा जोडलेल्या बोटांत किंवा कानांत साचलेले रक्त काढण्यासाठी शल्यचिकित्सक त्या वापरतात.

जळूच्या आतड्यात एरोमोनास जीवाणू वस्तीला असतात. तिच्या पचनाला त्यांची मदत होते, पण रुग्णाच्या जखमेत ते संसर्ग करू शकतात. म्हणून रुग्णालयांत वापरलेली जळू पुन्हा साठ्यात न सोडता अल्कोहोलमध्ये मारतात. आयुर्वेदीय परंपरेत तिला वांती करवून परत ठेवतात. सुश्रुत तांदळाचा कोंडा, तेल व मीठ सांगतो. आज बहुधा हळद वापरतात. वांती नीट झाली नाही तर जळूला ‘इंद्रमद’ नावाचा असाध्य रोग होतो, असे सुश्रुताचे म्हणणे. मात्र वांतीने जळूचे पोट रिकामे होते, निर्जंतुक होत नाही. त्यामुळे एका रुग्णाची जळू दुसऱ्याला लावणे धोक्याचेच. जेथे पुन्हा वापर होतो तेथे प्रत्येक रुग्णाच्या जळवांची बरणी वेगळी ठेवून तिच्यावर नाव व तारीख लिहितात.