रात्र मोजणारी झाडे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुळशी तालुक्यातले माण हे एके काळी भातखाचरांचे गाव. आज हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा याच गावाच्या हद्दीत आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास मी तिथल्या एका उरल्यासुरल्या खाचराच्या बांधावर उभा होतो. सारे भात निसवून लोंब्यांच्या भाराने वाकले होते. रस्त्याच्या दिव्याखालचा अर्धगोल तुकडा मात्र अजून हिरवागार होता. पाणी तेच, खत तेच, रोपेही एकाच वाफ्यातली. खाचराचे मालक आबा म्हणाले, "मास्तर, खांब रोवला तेव्हापास्नं हे असंच. उजेडात भाताला झोप लागत न्हाई बघा."

मी आयुष्यभर मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवले. आबांनी एका वाक्यात जे सांगितले, ते समजायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षे लागली होती. त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे.

ही गोष्ट सुरू होते भांगेच्या झाडापासून. आपल्याकडे या झाडाचे नाव काढले की गांजाच आठवतो. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ साली त्यासाठी खास आयोग नेमून देशभर चौकशी केली होती, आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार सरकारी परवानगीशिवाय त्याची लागवड हा गुन्हा आहे. युरोपात मात्र हे झाड दोरखंड आणि शिडाच्या कापडासाठी शेतात पेरले जाई. ज्यूलियँ तुर्न्वा नावाचा फ्रेंच संशोधक १९१० नंतरच्या काळात या झाडाचा आणि हॉप नावाच्या वेलाचा अभ्यास करीत होता. त्याच्या नजरेस एक विचित्र प्रकार आला. वसंतात बाहेर पेरलेले रोप पुरुषभर वाढून मग फुलावर येई. हिवाळ्यात काचघरात पेरलेले रोप मात्र चार पाने फुटतात न फुटतात तोच फुलू लागे. काचघरात ऊब होती, पाणी होते, मग ही घाई कशाची? तुर्न्वाने रोपांवर झाकण घालून प्रकाशाचे तास कमी-जास्त करून पाहिले आणि १९१४ साली लिहून ठेवले की, याचे कारण दिवस लहान होण्यापेक्षा रात्र मोठी होण्यात असावे. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. तुर्न्वा त्या युद्धात मारला गेला आणि त्याचे काम अर्ध्यावर राहिले.

तोच धागा अमेरिकेत दुसऱ्या दोघांच्या हाती लागला. कृषी खात्यातले गार्नर आणि ॲलर्ड तंबाखूवर काम करीत होते. 'मेरीलँड मॅमथ' नावाचा त्यांचा एक वाण उन्हाळाभर नुसता वाढत राही. फुलतच नसे, त्यामुळे बी मिळेना. तीच झाडे काचघरात हलवली की ऐन नाताळात फुलत. ऊब, ओलावा, खत असे सगळे तपासून झाल्यावर उरला तो दिवसाचा काळ. जुलै १९१८ मध्ये त्यांनी एक अंधारी खोपटी बांधली. तंबाखूची आणि सोयाबीनची काही झाडे ते रोज दुपारी चार वाजता आत ठेवीत आणि सकाळी नऊला बाहेर काढीत. आतली झाडे फुलली, बाहेरची हिरवीच राहिली. १९२० साली त्यांचा निबंध छापून आला आणि कृषिशास्त्रात एक नवे दालन उघडले.

त्यांनीही बोट ठेवले होते ते दिवसाच्या लांबीवर. तुर्न्वाचे म्हणणे खरे ठरायला १९३८ साल उजाडावे लागले. हॅमनर आणि बॉनर यांनी त्यासाठी निवडले ते आपल्याकडे उकिरड्यावर वाढणारे, काटेरी फळांनी धोतराला चिकटणारे शंकेश्वर. या तणाला सलग साडेआठ तासांहून थोडा अधिक अंधार मिळाला की ते फुलते. मात्र त्या अंधारात मध्येच थोडा वेळ दिवा लावला, की सगळी रात्र फुकट जाते. याउलट दिवसा मध्येच थोडा अंधार केला तरी त्याला फरक पडत नाही. म्हणजे झाड मोजते ते रात्र, आणि तीही अखंड.

हे कळते झाडाच्या कोणत्या भागाला? रशियातील चायलाख्यान यांनी १९३० च्या दशकात शेवंतीवर प्रयोग करून दाखवले, की रात्र ओळखतात ती पाने, आणि फुलण्याचा निरोप तिथून शेंड्याकडे जातो. पानातले उजेड टिपणारे रंगद्रव्य १९५९ साली सापडले. निरोप्याची ओळख पटायला २००७ साल यावे लागले. ते एक प्रथिन निघाले.

आता आपल्याकडे वळू. पॅरिसमध्ये उन्हाळ्यातला दिवस सोळा तासांचा, तर हिवाळ्यातला जेमतेम आठ तासांचा. पुण्यात सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. जेमतेम सव्वादोन तासांचा हा फरक आपल्या ध्यानातही येत नाही, पण आपली पिके तेवढ्यावर वर्षाचे पंचांग चालवतात. मावळातला शेतकरी भाताचे हळवे, निमगरवे आणि गरवे असे प्रकार करतो. हळवे भात ठरलेले दिवस भरले की तयार होते. जुन्या गरव्या वाणांपैकी पुष्कळ भाते मात्र पेरा आठवडाभर पुढे-मागे झाला, तरी पावसाळा सरताना रात्र पुरेशी वाढली की मगच निसवतात. त्यामुळे लोंबी सहसा उघडिपीत येते आणि फुलोरा पावसाच्या झोडीतून वाचतो. अंबाडीचेही तसेच. जूनमध्ये पेरलेली अंबाडी रात्री वाढू लागेपर्यंत उंच होत राहते, म्हणून तर तिला लांब वाख मिळतो. शास्त्रीय लॅटिन नावात अंबाडीला 'भांगेसारखी' म्हटले आहे.

शेवंती दसरा-दिवाळीला बाजारात येते तीही याच हिशोबाने. आता पॉलिहाउसवाले हा हिशोब हाती घेतात. रोप लहान असताना मध्यरात्री काही तास दिवे लावून ते वाढवायचे, उंची मिळाली की दिवे बंद. दिवस मोठे असतील, तर संध्याकाळी वर काळे कापड ओढायचे. मग साधारण दोन-अडीच महिन्यांत फूल तयार होते. घरात दिव्याखाली जोपासलेली शेवंतीची कुंडी बाहेर ठेवतानाही हेच लक्षात घ्यावे लागते. भाद्रपदात गच्चीवर नेली, तर ती असेल त्या उंचीला कळ्या धरते. उन्हाळ्यात नेली, तर बराच काळ पानेच वाढवते. माझी स्वतःची कुंडी दोन वर्षे फुलली नाही. गॅलरीसमोर रस्त्याचा दिवा होता. तिसऱ्या वर्षी ती मागच्या अंगणात ठेवली आणि दिवाळीत फुलांनी भरली. एवढी वर्षे शिकवलेला धडा मला स्वतःच्या घरात ओळखता आला नव्हता!

माझ्या कुंडीची जागा बदलता आली; आबांचे खाचर कुठे हलवणार? दिव्याखालचा तुकडा मागे राहिला, की कापणी दोनदा करावी लागते किंवा हिरव्या लोंब्या तशाच कापाव्या लागतात. जपानमध्ये रस्त्यावरच्या दिव्यांनी भात उशिरा निसवते, याचा रीतसर अभ्यास झाला असून यामागुची विद्यापीठातील संशोधकांनी भाताला कमी बाधेल असा एलईडी दिवाही तयार केला आहे. आपल्याकडे रस्ता होतो तेव्हा जमिनीचा मोबदला ठरतो, पाण्याचे पाट वळवले जातात. अंधाराचा हिशोब मात्र कुणी मांडत नाही. रस्त्यावर उजेड हवा, लेकीबाळी रात्री कामावरून परततात. पण दिव्याला शेताच्या बाजूने पत्र्याची आडोशी लावायला फारसा खर्च येत नाही. निदान भाद्रपद-आश्विनात तरी एवढे व्हावे.

निघताना मी आबांना ही सारी हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मग मास्तर, त्या खांबाला टोपी घालायला सांगणार कुणाला?"