डग्ग्यापासून सबवूफरपर्यंत

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुत्याहून माळशिरसला येते, तेव्हा दिंडी दृष्टीस पडण्याआधीच मृदंगाचा घुमारा कानी येतो. टाळांचा झणत्कार दिंडी जवळ आल्यावर स्पष्ट होतो. खर्जातला नाद मात्र भिंतीआडही पोचतो. खर्जाचा हा स्वभाव आपल्या वाद्यकारांनी फार पूर्वी ओळखला होता. आज घरोघरी स्टीरिओला जो सबवूफर जोडला जातो, त्याचा इतिहास म्हणूनच आम्ही मृदंगापासून सांगू इच्छितो.

मृदंगाची दोन तोंडे सारखी नसतात. उजव्या तोंडाला कायमची शाई असते. डाव्या, रुंद तोंडाला वाजवण्यापूर्वी कणीक लावतात. कणकेच्या वजनाने कातड्याचे कंपन मंदावते आणि स्वर खाली उतरतो. तबल्यात ही वाटणी पूर्णच झाली. चढ्या स्वराचे लाकडी भांडे उजवीकडे गेले आणि खर्जाचा डग्गा वेगळा होऊन डावीकडे बसला. एकाच कातड्याकडून दोन्ही कामे नीट होत नाहीत, हे तत्त्व त्यात आहे. कातड्याच्या मध्यावरील शाईमुळे आपल्या वाद्यांतून सुसंवादी उपस्वर कसे निघतात, याचे विवेचन चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 साली ‘नेचर’ या नियतकालिकात केले.

यंत्राला हे तत्त्व आत्मसात करण्यास बराच काळ लागला. एडिसनने 1877 मध्ये फोनोग्राफ सिद्ध केला. पण कर्ण्यातून येणाऱ्या त्या आवाजात खर्ज जवळजवळ नव्हताच. राइस आणि केलॉग या दोघा अमेरिकी अभियंत्यांनी 1925 साली विजेच्या वेटोळ्याने शंकू हालवणारा ध्वनिवर्धक तयार केला. मुंबईचे नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले, ते याच सुमारास. पुढे 1931 मध्ये इंग्लंडात ब्लमलिन याने दोन वाहिन्यांच्या, म्हणजे स्टीरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली दाखवून दिले की, हलका खर्ज माणसाच्या कानाला फारच कमी ऐकू येतो. शिवाय आवाजाचा दाब तेवढाच राखून स्वर एक सप्तक खाली आणायचा, तर शंकूला चौपट हवा ढकलावी लागते. खर्जासाठी मोठा शंकू आणि वेगळी शक्ती लागते, ती या कारणांनी.

मोठ्या शंकूला कपाटाएवढी पेटी लागे. एडगर विल्चर याने 1954 साली बंद पेटीतील हवेलाच स्प्रिंगसारखे राबवले आणि लहान पेटीतूनही खोल आवाज काढला. पुढे 1974 मध्ये ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी चित्रपटगृहांत खर्जाचे प्रचंड ध्वनिवर्धक बसवले गेले, आणि भूकंपाचा हादरा प्रेक्षकांना अंगाने जाणवला. चित्रपटगृहातली ही हौस हळूहळू घरात शिरली.

आता जोडणीकडे वळू. ॲम्प्लिफायरला सबवूफरची स्वतंत्र खोबण असेल, तर एक तार पुरते. नसेल, तर स्पीकरच्याच तारांना समांतर तारा काढून त्या सबवूफरच्या स्पीकर-तारांसाठीच ठेवलेल्या खोबणीत जोडतात; आतला ॲम्प्लिफायर हलका इशारा घेऊन स्वतःच्या शक्तीने शंकू हालवतो. मात्र लाल तार लालला व काळी काळीला, हे चुकता कामा नये. सेकंदाला सुमारे 80 कंपनांखालील स्वर सबवूफरकडे आणि वरचे डाव्या-उजव्या स्पीकरांकडे, अशी वाटणी बहुधा करतात. एवढ्या खालच्या स्वराची दिशा कानाला कळत नाही, म्हणून एकच सबवूफर चालतो. एक शंकू पुढे येताना दुसरा मागे गेला, तर दोन्ही आवाज एकमेकांना मारतात. त्यासाठी पेटीमागे फेज बदलण्याची कळ असते. डग्गा ऐकू यावा, पण तबल्यावर चढू नये. जोडणी जमल्याची खूण हीच.

परंतु डग्ग्यावर वादकाचा तळहात असतो आणि सबवूफरवर केवळ एक बटण. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीसाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि खाजगी ध्वनियंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेहून 5 डेसिबलपेक्षा अधिक जाऊ नये असेही सांगितले आहे. येथे एक मेख आहे. ही मोजणी कानाच्या कलाप्रमाणे केलेल्या मापाने होते, आणि त्या मापात 50 कंपनांच्या खर्जाला सुमारे 30 डेसिबलची सूट मिळते. त्यामुळे मापकाचा काटा मर्यादेत असला, तरी शेजारच्या आजाऱ्याची खाट हादरत असण्याचा संभव राहतो.

यास्तव आमचे सांगणे एवढेच की, सबवूफर जोडल्यावर एकदा शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन उभे राहावे आणि तेथे जे जाणवेल त्यावरून घरी परतून बटण फिरवावे. मृदंगाची कणीक वादक वाजवण्यापूर्वी बोटाने कमीजास्त करून पाहतो. यंत्राच्या बाबतीत ते काम आता आपल्याकडे आले आहे.